सांगली-मिरजेहून बाहेरगावी लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट वाजवायला जाताना

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या पट्ट्यात घरच्या खोलीत बसून ग्रूव्हबॉक्स (ठेके रचून फिरते वाजवणारं यंत्र), छोटा सिंथ (विजेवर सूर घडवणारं यंत्र) किंवा लॅपटॉपवर संगीत करणारी बरीच मुलंमुली आहेत. त्यातल्या कुणाला पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याहून पहिल्यांदाच "येऊन वाजवशील का?" असा निरोप आला असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. इथे मी फक्त लाइव्ह सेटबद्दल बोलतोय. दुसऱ्यांची गाणी लावणं वेगळं, आणि घरी बांधून ठेवलेला ट्रॅक तिथे जाऊन प्ले करणंही वेगळं. इथे ठेका, बेस, सूर सगळं लोकांदेखत रचायचं असतं.

आपल्याकडे हे समजावून सांगणारी माणसं सहज भेटत नाहीत. मात्र वाजवण्याचा व्यवहार जाणणारी माणसं पावलोपावली आहेत. मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर, बेंजो पार्ट्या, ऑर्केस्ट्रावाले, गणपतीत डॉल्बी लावणारे. त्यांना विचारत राहा, ते हातचं राखून ठेवत नाहीत. मी स्वतः बाहेरगावी जाऊन वाजवत आलोय आणि माझं म्हणणं एवढंच आहे: स्टेजवर मोकळं व्हायचं असेल तर जे घरी ठरवता येतं ते सगळं घरीच ठरवून निघायचं. कुठली वायर कुठे जाते हा प्रश्न डोक्यात असला की सुचणं थांबतं.

१. होकार देण्याआधी विचारून घ्या

फोनवर सगळेच "काळजी करू नका, सगळं होतंय" म्हणतात. ते मनापासूनच म्हणतात, पण त्यातून टेबल केवढं आहे ते कळत नाही. म्हणून बोलणं झाल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून "बरोबर" एवढं उत्तर येऊ द्या. विचारायचं ते असं:

- माझा वेळ किती वाजता, किती मिनिटांचा? माझ्या आधी आणि नंतर कोण?
- आधीचा कलाकार उठल्यापासून मला मांडायला किती वेळ मिळेल? तेव्हा संगीत थांबणार की चालू राहणार?
- टेबल किती लांब-रुंद, आणि उंची किती? उभ्याने वाजवायचं असेल तर कमरेच्या वर हवं.
- माझा आवाज कुठे जाणार, साउंडवाल्याच्या मोठ्या मिक्सरवर की डीजेच्या मिक्सरवर?
- डीआय बॉक्स (यंत्राचा आवाज लांब वायरीतून गोंगाटाशिवाय नेणारी डबी) दोन आहेत का? मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) आहे का?
- टेबलाजवळ थ्री-पिन पॉइंट किती?
- मानधन किती, कधी, कसं? प्रवास आणि राहण्याचा खर्च त्यातच धरलाय की वेगळा?

कार्यक्रम उघड्यावर असेल तर वेळेचा प्रश्न नीट विचारा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवसच रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. तुमचा सेट ९:१५ ला आणि आधीचे दोघे लांबले, तर १० ला तुमचाच आवाज बंद होणार. अशा वेळी आधीचा क्रम मागून घेतलेला बरा. लोक कमी असले तरी सेट पुरा होतो. पोलिसांची परवानगी आणि बाकी परवाने काढणं आयोजकाचं काम. तुम्ही फक्त "परवानगी हातात आहे ना?" एवढं विचारा.

२. सेट कसा बांधायचा

उत्स्फूर्त म्हणजे तयारीशिवाय, असा एक समज नव्या लोकांत असतो. मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिथे एकदा रात्रभर बसा. गाणारा आयत्या वेळी सगळं सुचवत असतो, पण राग ठरलेला असतो, षड्ज लावलेला असतो, ताल माहीत असतो. आपल्या सेटचंही तसंच हवं. काय वाजेल ते मोकळं ठेवा, कशातून वाजेल ते पक्कं करा.

माझ्या मते ४० मिनिटांच्या सेटला तीन यंत्रं पुष्कळ झाली. एक ठेका आणि सॅम्पलसाठी (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे), एक सिंथ, एक इफेक्ट. चौथं यंत्र घरी सुंदर वाजतं. बाहेरगावी ते आणखी एक अडॅप्टर, आणखी दोन वायरी आणि आणखी एक काळजी घेऊन येतं. ग्रूव्हबॉक्समध्ये कोरे पॅटर्न नेऊ नका. चांगले निवडलेले आवाज भरून ठेवा: दोन किक, एखादी घुमणारी ढोलकी, टाळ, काही लांब सूर. स्टेप (ठेक्यातल्या एकेक जागा) रिकाम्या ठेवल्या तरी चालतील. आवाज शोधण्यात स्टेजवर वेळ जाऊ नये, मांडण्यात जावा.

सरावाची पद्धत: घड्याळ लावा, ४० मिनिटं न थांबता वाजवा, रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, तेव्हा सगळंच बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी ऐकताना एकच गोष्ट शोधा: कुठे कंटाळा आला? बहुतेक वेळा तो एका अवस्थेतून दुसरीकडे जाताना येतो. म्हणून "ठेका काढून घेणं", "सूर बदलणं", "वेग उतरवणं" असे चार-पाच रस्ते हातात बसेपर्यंत घोटा. स्टेजवर सुचत नसेल तेव्हा हात आपोआप तिकडे वळतो.

३. घड्याळ आणि सूर

सगळ्या यंत्रांना वेग ठरवणारा एकच मालक हवा. मिडी (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) क्लॉक एका ठोक्याला २४ पल्स पाठवतो. ते कोण पाठवणार आणि कोण ऐकणार हे सेटिंगमध्ये जाऊन ठरवा आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवा. कॉर्गच्या व्होल्कासारख्या छोट्या यंत्रांचा सिंक वेगळा असतो, एका ठोक्याला दोन पल्स. दोन्ही प्रकारांची गल्लत झाली की एक यंत्र भलत्याच वेगाने धावतं.

३.५ मिमीच्या मिडी जॅकमध्ये मोठा सापळा आहे. त्यात 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार असतात आणि दिसायला दोन्ही सारखेच. २०१८ मध्ये 'ए' हा प्रमाण ठरला, पण आर्टुरिया, नोव्हेशनची जुनी यंत्रं 'बी'वर चालतात. चुकीचा अडॅप्टर लावला तर काही जळत नाही, फक्त काहीच घडत नाही आणि आपण यंत्र बिघडलं समजून घाबरतो. बरोबर चालणारा अडॅप्टर त्या यंत्रालाच बांधून ठेवा.

आता सुराबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या भागातल्या माणसाकडे इथे असं काही आहे जे इतरांकडे नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत जा, कारागिराची परवानगी घ्या आणि नुकती जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) लावलेल्या तंबोऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून आणा. त्या झंकारात जेवढे उपस्वर आहेत तेवढे सिंथमधून काढायला दमछाक होते. ते सॅम्पल पार्श्वभूमीला ठेवलं की सेटला आसन मिळतं. सॅम्पल वापरणार हे त्यांना आधी सांगा आणि कार्यक्रमात त्यांचा उल्लेख करा.

पण तंबोरा लावलेला असतो काळी एक, पांढरी चार असा, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे, आणि तो ४४० हर्ट्झच्या (यंत्रांचा सूर जुळवायचं नेहमीचं प्रमाण) हिशेबात तंतोतंत बसेलच असं नाही. सॅम्पल ट्यूनरवर तपासा आणि बाकीच्या सिंथचं मास्टर ट्यूनिंग त्याच्याकडे सरकवा. तंबोऱ्याचं सॅम्पल फार ताणू नका, जवारी मरते. सिंथमध्ये स्वतःची स्वरांतरं भरायची सोय असेल तर ती जरूर वापरून बघा. शंभरेक वर्षांपूर्वी याच मुलखात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर) मोजत होते, श्रुतींची हार्मोनियम करवून घेत होते. आज तेच काम मेनूत दोन बटणं दाबून होतं, आणि तरी फार थोडे लोक ते करतात याचं मला वाईट वाटतं.

४. पेटीत काय भरायचं

- यंत्रं, आणि प्रत्येकाचा अडॅप्टर. अडॅप्टरवर यंत्राचं नाव, व्होल्ट आणि ध्रुव कागदी टेपवर लिहा. व्होल्काचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आतून पॉझिटिव्ह, गिटारच्या इफेक्ट पेडलचा ९ व्होल्टचा बहुतेक वेळा आतून निगेटिव्ह. पिन सारखी दिसते म्हणून कुठलाही कुठेही लावू नका.
- छोटा मिक्सर, म्हणजे साउंडवाल्याला तुमच्याकडून फक्त दोन लाइन जातील, लेफ्ट आणि राइट.
- मोठ्या जॅकच्या वायरी लागतात त्यापेक्षा दोन जास्त. मोठ्या जॅकवरून आरसीए (डीजे मिक्सरला लागणारी पिन) आणि एक्सएलआर (माइकसारखी तीन पिनांची) करणारे जोड.
- स्वतःचे दोन डीआय बॉक्स, परवडत असतील तर. नसतील तर निदान एक दोन-चॅनेलचा.
- पाच मीटरचं चांगलं एक्स्टेंशन, जाड वायरीचं, अर्थिंग असलेलं. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटसाठी जोड.
- हेडफोन, कानाचे प्लग, छोटी टॉर्च, कापडी टेप, स्क्रू ड्रायव्हर, सुकं फडकं.
- प्रोजेक्टची नक्कल दुसऱ्या मेमरी कार्डवर, आणि तेच कार्ड खिशात, पेटीत नाही.
- फोनमध्ये किंवा छोट्या प्लेअरमध्ये दहा मिनिटांचा एक लांब, शांत सूर. याचं काम पुढे सांगतो.

लॅपटॉप नेत असाल तर वायफाय, ब्लूटूथ, अपडेट सगळं बंद. बफर (लॅपटॉप आवाज पाठवण्याआधी करतो तो छोटा साठा) घरी १२८ वर चालत असला तरी स्टेजवर २५६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला फरक साधारण तीन मिलिसेकंदांचा आहे, हाताला जाणवत नाही, आणि आवाज तुटण्याची भीती कमी होते.

५. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये, फोनवर आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा:

- ओळखपत्र.
- पॅन आणि बँकेचा रद्द केलेला चेक. मानधनातून टीडीएस कापला जाऊ शकतो आणि पॅन दिला नाही तर २० टक्क्यांपर्यंत कापतात. कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून कापल्याचा पुरावा मागून घ्या.
- बिलाचा कोरा नमुना. नाव, पत्ता, पॅन, कार्यक्रमाची तारीख, रक्कम. एवढं पुरतं.
- आयोजकाशी झालेल्या लेखी बोलण्याचे स्क्रीनशॉट.
- यंत्रांची यादी, सीरियल नंबर आणि खरेदीच्या पावत्यांचे फोटो. वाटेत पेटी उघडून विचारणा झाली तर हे दाखवलं की काम भागतं.
- एक पानाचा टेक रायडर: काय आणतो, काय हवं, टेबलावर काय कुठे असेल याचं हाताने काढलेलं चित्र. चित्र सगळ्यात उपयोगी; साउंडवाला मजकूर वाचेलच असं नाही, चित्र बघतो.

६. प्रवास

मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री मिरज किंवा सांगलीत बसलं की सकाळी सीएसएमटी. गोव्याला मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते. पुण्याला एसटी किंवा गाडी घेतली तर पेठ नाक्यावरून महामार्गाला लागतो. शनिवार-रविवारी खंबाटकी घाट आणि खेड-शिवापूरचा टोलनाका किती वेळ खातील ते सांगता येत नाही. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर दुपारच्या जेवणाला पुण्यात पोचाल असंच निघा. साताऱ्याच्या मित्रांनो, रेल्वेने जाणार असाल तर स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षाचा वेळ वेगळा धरा.

बसच्या डिकीत यंत्रं ठेवू नका. मांडीवर किंवा पायाशी मावेल एवढीच पेटी करा. तीन यंत्रांचा आग्रह यासाठीही आहे. विमानाने जायची वेळ आली तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक बसते.

जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रम घेताना कृष्णा-पंचगंगेचं पाणी लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि वाहतूक बंद होती. पावसाळ्यात आयोजकाशी "रस्ता बंद झाला तर काय" हे आधीच बोलून ठेवा. यंत्रांना प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला. एसी गाडीतून उतरून दमट हवेत आल्यावर यंत्र लगेच चालू करू नका, अर्धा तास बंद पेटीतच राहू द्या.

७. पोचल्यावर: साउंडवाला आणि साउंडचेक

आधी साउंडवाल्याला भेटा, मग आयोजकाला. त्याचं नाव विचारा, चहा घ्या, आणि साध्या शब्दांत सांगा: "दादा, माझ्याकडून दोनच लाइन येतील, लेफ्ट-राइट. माइक नाही. ईक्यू सपाट ठेवा, कॉम्प्रेसर नको. बेस माझ्याकडूनच भरपूर येईल." (ईक्यू म्हणजे आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारी सोय, कॉम्प्रेसर म्हणजे त्याचे चढउतार दाबणारी.) बऱ्याच ठिकाणी साउंडवाल्याने असा सेट कधी केलेला नसतो. त्याला वाटतं गायक कधी येणार? हे एक वाक्य आधी बोललं की संध्याकाळ सोपी होते.

मग क्रमाने:

पहिली वीज. तुमचं एक्स्टेंशन साउंडच्या लाइनवरच लावायला सांगा, लाइटिंगच्या लाइनवर नाही. यंत्राच्या धातूला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. वाजवू नका, दुसरा पॉइंट मागा.

दुसरी 'हम्म्म'. वायरी जोडल्या की स्पीकरमधून घरघर आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. काही जण यावर प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. घरघर सहन होते, शॉक जीव घेतो.

तिसरी लाइन. सिंथचा आवाज साध्या जॅकने २०-३० मीटर लांब मिक्सरपर्यंत नेला तर वाटेत गोंगाट गोळा होतो, म्हणून डीआय. मिक्सरवर ४८ व्होल्टचं (माइकला वीज देणारं) बटण सगळ्या चॅनेलला मिळून एकच असेल तर डीआयशिवाय काहीही जोडू नका. डीजे मिक्सरमध्ये जाणार असाल तर चॅनेलचा स्विच 'लाइन'वर आहे ना बघा. तो 'फोनो'वर (रेकॉर्ड प्लेअरसाठीची जागा) राहिला की आवाज फाटतो आणि सगळे तुमच्या यंत्राला दोष देतात.

चौथी पातळी. तुमच्या मिक्सरचा मीटर सगळ्यात जोरात वाजवतानाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. पुढचं वाढवणं साउंडवाल्याकडे. चेकमध्ये शांत भाग वाजवून दाखवू नका, सगळ्यात मोठा भाग वाजवा.

डॉल्बीसारख्या मोठ्या बेसच्या भिंतीवर वाजवायचं असेल तर किक आणि बेस सोडून बाकी सगळ्या आवाजांचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा. हेडफोनमध्ये भरीव वाटणारा पॅड (मागे पसरलेला लांब सूर) तिथे नुसता चिखल करतो. बेस मोनो ठेवा. आणि चेक चालू असताना हॉलच्या मागच्या टोकाला जाऊन ऐका. शेवटच्या रांगेतलं माणूसही तुमचंच.

८. वाजवताना

पहिली पाच मिनिटं एकाच आवाजावर राहा. तंबोरा असेल तर तोच. हॉल, स्पीकर, लोक, स्वतःचे हात, सगळ्याचा अंदाज त्यात येतो. घाईने ठेका सुरू केला तर पुढे न्यायला जागा उरत नाही. डीजेच्या मागोमाग वाजवत असाल तर त्याच्या शेवटच्या गाण्याचा वेग विचारून तिथून सुरुवात करा आणि हळूहळू आपल्या वेगावर या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आठ किंवा सोळा मात्रांचं चक्र मनात मोजत राहा आणि बदल समेवर आणा. ज्याला तबला कानावरून गेलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. बदल केल्यावर तो लोकांपर्यंत पोचायला वेळ द्या. खोलीत एकटे असताना आपल्याला जे चक्र चौथ्यांदा कंटाळवाणं वाटतं, ते समोरचा माणूस तेव्हा कुठे ऐकायला लागलेला असतो. बसून ऐकणारे लोक असतील तर ही गोष्ट आणखीच खरी. ते नाचत नाहीत म्हणून त्यांना आवडत नाहीये असं समजून वेग वाढवू नका.

यंत्रं एकमेकांपासून सुटली तर: ठेक्याचा आवाज हळूहळू खाली घ्या, इफेक्टचा प्रतिध्वनी लांबवा, मालक यंत्र थांबवून पुन्हा सुरू करा, आणि ठेका परत वर आणा. हे घरी मुद्दाम सुटवून सरावाने बसवा. एखादं यंत्र बंदच पडलं तर फोनमधला तो लांब सूर लावा. दहा मिनिटांत बरंच काही दुरुस्त होतं. लाईट गेली तर बॅटरीवर चालणारं एक तरी यंत्र हाताशी असावं. व्होल्का सहा पेन्सिल सेलवर चालतो. लाईट परत आल्यावर स्पीकरचा मोठा धक्का बसतो, म्हणून तोवर मास्टर खाली ठेवा.

वेळ संपायला पाच मिनिटं उरली की आवरायला घ्या. पुढच्या कलाकाराच्या वेळेतलं एक मिनिटही खाऊ नका. शेवट फेडवर (आवाज हळूहळू विरत नेऊन) सोडलात तर साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर आवाज गेला समजून तो स्वतःच वाढवतो.

९. झाल्यावर

टाळ्या थांबायच्या आत लोक भेटायला येतात. त्यांच्याशी जरूर बोला, पण आधी यंत्रं टेबलावरून खाली घ्या. पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवलेली असावी आणि तिच्यावर बोट ठेवून एकेक मोजा. मागे राहतात ते अडॅप्टर आणि जोड. आपल्या वायरीवर एका रंगाची टेप असेल तर साउंडवाल्याच्या वायरींत मिसळत नाहीत.

रेकॉर्डिंग झालं का बघा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्यातले चांगले दोन तुकडे आयोजकाला आणि साउंडवाल्यालाही पाठवा. बिल दोन दिवसांच्या आत पाठवा. मानधन ठरलेल्या तारखेला आलं नाही तर लेखी आठवण करा, आठवडाभराने पुन्हा करा. स्वर नम्र ठेवा, पण विचारायला संकोच करू नका; बेंजो पार्टीवाला ठरलेले पैसे घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, आपणही तेवढंच काम केलेलं असतं.